एकाच निळ्यात मेणवलीचा घाट

एकाच जलरंगाच्या गडद-फिकट छटांत काढलेल्या एकरंगी चित्राला कुठलाही रंग चालतो असं म्हणणाऱ्यांनी एकदा लेमन यलोने देवळाचा गाभारा रंगवून दाखवावा. ट्यूबमधून निघाला तसा जाड थापला तरी पिवळा तो पिवळाच, काळोख म्हणून काही होत नाही. म्हणून पहिलं काम रंग पारखण्याचं. कोऱ्या कागदावर रंगाचा गडद पट्टा ओढा, पूर्ण वाळू द्या आणि वर्तमानपत्रातल्या मोठ्या मथळ्याशेजारी धरा. आता डोळे किलकिले करून बघा. मथळ्याची अक्षरं आणि तुमचा पट्टा जवळपास सारखेच गडद वाटले, तर तो रंग एकट्याने सगळं चित्र पेलेल.

सेपिया, इंडिगो, पेन्स ग्रे, बर्न्ट अंबर आणि प्रशियन ब्ल्यू हे या परीक्षेत आरामात पास होतात. अल्ट्रामरीन काठावर पास. बर्न्ट सिएना फार गोड रंग आहे, पण त्याचा गडदपणा मध्येच संपतो. लालाची अडचण वेगळी आहे. त्यात पाणी वाढवत गेलात की गुलाबी होतो आणि बघणाऱ्याला चित्रात दोन रंग आहेत असं वाटायला लागतं.

मी प्रशियन ब्ल्यू घेते. वाईत राहून काळ्या पाषाणाची देवळं, कृष्णेचं पाणी आणि सकाळचं धुकं एवढंच रंगवायचं असेल तर दुसरं काही सुचत नाही. हा रंग अठराव्या शतकाच्या सुरुवातीला बर्लिनमध्ये सापडला, तोही लाल रंग करायला बसलेल्या माणसाच्या हातून. पुढे शंभरेक वर्षांनी तो जपानात मुबलक मिळू लागला आणि १८३०च्या आसपास होकुसाई, केसाई एइसेन या तिथल्या चित्रकारांनी जवळजवळ निव्वळ निळ्या छटांतली, लाकडी ठशांनी छापायची चित्रं काढली. फोनवर शोधून बघा. आकाश वरच्या कडेला गडद असतं आणि खाली उतरत उतरत कोरा कागद होतं. एवढ्या एका उताराने केवढी हवा येते चित्रात!

सामान थोडंच लागतं. ३०० जीएसएमचा कोल्ड प्रेस (किंचित खरखरीत) कागद, क्वार्टर इम्पिरियल म्हणजे ११ बाय १५ इंच. शाळेतला कार्ट्रिज पेपर सरावाला ठीक, पण पहिल्या वॉशलाच, म्हणजे पाणी घातलेल्या रंगाच्या पहिल्या सलग थरालाच, फुगतो आणि रंग खळग्यांत साचतो. बारा नंबरचा गोल ब्रश, सहा नंबरचा गोल, आणि एक इंची चपटा. रंग कालवायला पांढरी एनॅमलची ताटली. स्टीलची नको, तिच्या चकाकीत छटा किती गडद आहे ते कळत नाही. आणि पाण्याचे डबे दोन. रंग एकच म्हटल्यावर बरेच जण डबाही एकच ठेवतात, आणि तासाभराने त्या निळ्या पाण्यामुळे त्यांची सगळ्यात फिकट छटाही गढूळ झालेली असते. एका डब्यात ब्रश धुवायचा, दुसऱ्यातलं पाणी फक्त रंगात घालायचं.

घाटावर जाण्याआधी घरी बसून छटांची एक पट्टी करायची. माझ्या चित्रकलेच्या वर्गात या पट्टीला फार विरोध होतो. शाळकरी मुलं "बाई, हे तर इंटरमिजिएटलाच केलंय" म्हणतात आणि निवृत्त झालेली मंडळी "मॅडम, थेट चित्रच घेऊ या ना" म्हणतात. मी ऐकत नाही. पट्टीशिवाय एकरंगी चित्र म्हणजे अंदाजपंचे काम.

पट्टीत पाच घरं आखा. नऊ नको, बारा तर नकोच. बाहेर उन्हात बसून माणसाला पाचच छटा नीट वेगळ्या ओळखता येतात, बाकी सगळी हौस. पहिलं घर कोरा कागद. त्याला हात लावायचा नाही. पाचवं घर सगळ्यात गडद. हे दोन झाल्यावर बरोबर मधला, तिसरा. मग दुसरा आणि चौथा. ओळीने एक-दोन-तीन करत गेलात तर चौथ्यापर्यंतच गडदपणा संपतो आणि पाचव्याला काही उरत नाही.

रंग किती पातळ, हे ताटली तिरकी करून बघायचं. दोन नंबरचा थेंब पाण्यासारखा पळतो. तीनचा ओघळ सावकाश उतरतो आणि मागे निळी वाट ठेवतो. चार नंबर जागचा जेमतेम हलतो. पाच हलत नाही, ब्रशने ओढावा लागतो. प्रशियन ब्ल्यू फार जोरकस आहे, हरभऱ्याएवढा रंग क्वार्टर शीटला पुरून उरतो. अंबर किंवा सेपिया घेतलात तर प्रत्येक पायरीला रंग जरा जास्त लागेल. आणि ओला रंग बघून निकाल देऊ नका. जलरंग वाळला की फिकट होतो, ओला चार वाळून साडेतीन होतो. रद्दी कागदावर लावा, वाळू द्या, मग घर भरा.

पाच नंबरची एक खोड आहे. प्रशियन ब्ल्यू फार जाड बसला तर वाळल्यावर त्यावर तांबूस चमक येते. ऐन काळोखाच्या जागी चित्र चकाकायला लागतं. म्हणून पाच नंबर एकदम थापायचा नाही. चार नंबरचा थर द्या, वाळला की त्यावर पुन्हा चार नंबरचा.

पट्टी वाळली की ऑफिसात वापरतात त्या पंचिंग मशीनने प्रत्येक घराच्या मधोमध भोक पाडा. माझ्या सगळ्या शिकवण्यातली ही एकच गोष्ट लोक वर्षानुवर्षं लक्षात ठेवतात. समोरच्या भिंतीची छटा कळेना झाली की पट्टी हात लांब करून धरायची, एक डोळा मिटायचा आणि भोकातून भिंत बघायची. भोकातली भिंत सभोवतीच्या घरापेक्षा गडद वाटली तर पुढचं घर लावा, फिकट वाटली तर मागचं. जिथे भोक जवळजवळ दिसेनासं होतं तो तुमचा नंबर. पहिल्यांदा बघताना सगळ्यांना धक्का बसतो, कारण उन्हातला काळा पाषाण दोन नंबरचा निघतो आणि सावलीतलं पांढरं धोतर तीन नंबरचं. डोक्यात 'दगड काळा, धोतर पांढरं' पक्कं बसलेलं असतं. डोक्याचं ऐकून काढलेलं चित्र सपाट होतं, रंग कितीही वापरा.

आता मेणवली. वाईपासून तीन-चार किलोमीटरवर नाना फडणवीसांचा वाडा आणि त्यामागे कृष्णेचा चंद्रकोरी घाट. घाटावर मेणेश्वराचं देऊळ आहे, आणि छोट्या दगडी मंडपात टांगलेली ती पोर्तुगीज घंटा. वसईच्या मोहिमेनंतर मराठ्यांनी आणलेल्या घंटांपैकी ही एक. तिच्यावर १७०७ साल आहे आणि बाळाला घेतलेली मेरी आहे. एकरंगी सरावाला ही जागा मी मुद्दाम घेते. सगळा दगड एकाच जातीचा असल्याने रंगाचा मोह होत नाही. पायऱ्यांची आडवी आणि उभी बाजू तिरप्या उन्हात स्वच्छ वेगळी दिसते. पाणी आहे, मागे डोंगर आहे. सकाळी लवकर या. दुपारी बारा वाजता ऊन डोक्यावर आलं की सावल्याच राहत नाहीत, मग पाच नंबर शोधत बसाल.

बसल्याबसल्या ब्रश उचलायचा नाही. चार बाय तीन इंचाच्या चौकटी आखून सहा-बी पेन्सिलीने दोन-तीन छोटी स्केचेस करा. त्यात फक्त तीन छटा: कोरा कागद, मधला करडा, काळा. घंटा ओळखू आली नाही तरी चालेल, पायऱ्या मोजायच्या तर मुळीच नाहीत. इथे दोनच गोष्टी ठरवायच्या. कागद कुठे कोरा राहणार, आणि गडद भाग एकमेकांना कसे चिकटणार. झाडाचा काळोख मंडपाच्या सावलीत उतरला, तिथून भिंतीच्या कडेने पायऱ्यांवर आला आणि पाण्यात गेला, असा एक सलग आकार मिळाला की निम्मं काम झालं. गडद ठिपके सुटे सुटे पडले तर चित्राला गोवर आल्यासारखं दिसतं.

कोऱ्या जागा मोजक्या ठेवा. मी साधारण अशा धरते: वरच्या दोन-तीन पायऱ्यांचा उन्हातला माथा, धुणं धुणाऱ्या बायकांनी पसरलेल्या पातळाचा तुकडा, पाण्यावरची एक लखलखीत रेघ आणि देवळाच्या शिखराची उजेडाकडची कड. या जागा पेन्सिलीने अगदी हलक्या आखून घ्या. मास्किंग फ्लुइड (कागद कोरा राहावा म्हणून लावायचा रबरासारखा द्रव) लावणारे लावोत, मला त्याच्या कातरलेल्यासारख्या कडा आवडत नाहीत. ब्रशने वळसा घालून सोडलेल्या पांढऱ्याला जी सैल कड येते ती त्याला कधी येत नाही.

मुख्य कागदावर रेखाटन एच-बीने, दाब न देता. खोडरबर फार चालवला तर कागदाचा पोत उठतो आणि प्रशियन ब्ल्यू तिथे डाग धरतो.

पहिला वॉश दोन नंबरचा. लागेल असं वाटतं त्याच्या दुप्पट कालवून ठेवा, कारण वॉश मध्येच संपला तर तीच छटा पुन्हा जमत नाही आणि जोड दिसतो. बोर्डाखाली कंपासपेटी सरकवून थोडा उतार द्या. चपट्या ब्रशने वरून सुरुवात करा. प्रत्येक आडव्या फटकाऱ्याच्या खालच्या कडेला ओलाव्याचा फुगीर बांध दिसला पाहिजे, पुढचा फटकारा त्या बांधाला पकडून खाली नेतो. आकाश उतरत उतरत डोंगराच्या कडेपाशी आलं की ब्रशमध्ये रंग न घेता स्वच्छ पाणी घ्या, म्हणजे तिथे दोनाचा एक होईल. मग पुन्हा रंग घेऊन डोंगर, झाडं, देऊळ, घाट, पाणी सगळ्यांवरून एकच वॉश फिरवा, फक्त ठरवलेल्या कोऱ्या जागा सोडून. "झाडाला वेगळं नको का?" असं हमखास विचारतात. नको. आत्ता फक्त उजेड आणि कोरा उजेड एवढाच भेद करायचा आहे.

नंतर थांबा. या थांबण्यातच निम्मी चित्रं बिघडतात, म्हणजे न थांबल्याने बिघडतात. कागद वाळला की नाही हे नजरेने ठरवू नका. बोटांची मागची बाजू कागदाला अलगद लावा. गार लागला तर आत ओल आहे. तोवर खाण्याचा डबा घेऊन घंटा बघून या.

दुसऱ्या फेरीत मागचे डोंगर. पांडवगडाची बाजू सकाळच्या धुरकट हवेत दोन आणि तीनच्या मध्ये बसते. लांबचा डोंगर म्हणजे आधीच्या दोनवर पुन्हा दोनचा एक पातळ थर, बस्स. डोंगराचा वरचा काठ करकरीत ठेवा, सह्याद्रीचे माथे तसेच कापल्यासारखे सपाट असतात. पायथ्याला मात्र ओलसर ब्रश फिरवून रंग विरघळू द्या. धुकं तिथेच बसलेलं असतं, आणि पुढच्या झाडांना त्या विरलेल्या फिकट पट्ट्यावर उठून दिसता येतं.

तिसरी फेरी सगळ्या सावल्यांची, तीन नंबरने. ही एका बैठकीत करायची. झाडांचा घुमट, मंडपाची सावलीची बाजू, भिंत, पायऱ्यांच्या उभ्या कडा, काठाचं पाणी. ब्रश एका वस्तूतून दुसरीत जाताना उचलायचा नाही. बारा नंबरचा गोल ब्रश पोटाने चालवा, टोकाने नाही. स्केचमध्ये ठरवलेला तो सलग आकार आता कागदावर उतरतो आणि इथेच घाट अचानक उभा राहतो.

पायऱ्यांबद्दल जरा थांबून सांगते, कारण मेणवलीचा खरा पेच तोच आहे. सगळ्या पायऱ्या समान जाडीच्या रेघांनी काढल्या की घाट वहीच्या पानासारखा दिसतो. चंद्रकोर रेघेने वळत नाही, छटेने वळते. घाटाचं जे टोक उन्हाकडे आहे तिथे पायरीची उभी बाजू आणि आडवी बाजू यांत फरक थोडाच असतो, एक आणि दोन. घाट जसजसा उन्हापासून वळतो तसतशी उभी बाजू दोनाची तीन आणि तीनाची चार होते. म्हणून एकाच पायरीच्या सावलीत ब्रश ओढता ओढता रंग वाढवत न्यायचा. चार-पाच पायऱ्यांना एवढं नीट केलंत की बाकीच्यांना तुटक रेघा पुरतात. मधल्या तर सोडूनच द्या, डोळा आपोआप भरतो.

पाण्यातली प्रतिबिंबं रंगवताना एक नियम पाळा. गडद वस्तूचं प्रतिबिंब वस्तूपेक्षा किंचित फिकट, उजळ वस्तूचं किंचित गडद. म्हणजे चार नंबरच्या झाडाखाली पाण्यात साडेतीन, कोऱ्या शिखराखाली दोन. वरच्या सगळ्या टोकाच्या छटा पाण्यात मध्याकडे सरकतात. प्रतिबिंबाचे फटकारे उभे ओढा, ओले असतानाच चपट्या, कोरड्या ब्रशने एकदा आडवा हात फिरवा आणि सोडा. दुसऱ्यांदा फिरवलात तर चिखल.

चार नंबर झाडांच्या पोटात, मंडपाच्या आत, वाड्याच्या भिंतीच्या पायाशी. आणि पाच? पाच नंबर सगळ्या चित्रात मिळून तुमच्या दोन बोटांखाली झाकला जाईल इतकाच. घंटेच्या तोंडाचा आतला काळोख, देवळाच्या दारातली फट, कपडे आपटणाऱ्या बाईच्या पायाखालची सावली. यातली एक जागा कोऱ्या कागदाला लागून असू द्या. एक आणि पाच जिथे भिडतात तिथे नजर पहिल्यांदा जाते, तेव्हा ती जागा विचार करून निवडा. मी बहुतेक वेळा घंटेपाशी ठेवते. वर्गातला एक मुलगा ती नेहमी पाण्यातल्या म्हशीपाशी ठेवतो, आणि त्याची चित्रं माझ्यापेक्षा बरी होतात.

चित्र संपत आलं की त्याचा आणि समोरच्या दृश्याचा फोनवर फोटो घ्या, दोन्ही कृष्णधवल करा आणि शेजारी ठेवून बघा. जे नंबर चुकले ते तिथे लगेच दिसतात. पण गडद करणं आपल्या हातात आहे, फिकट करणं नाही. प्रशियन ब्ल्यू कागदात मुरतो. ओल्या ब्रशने घासून थोडासा निघतो, मागे निळी सावली राहतेच. म्हणून शंका आली की खालचा नंबर लावा. अर्धवट वाळलेल्या वॉशमध्ये पाण्याचा थेंब पडून फुलकोबीच्या कडांसारखा डाग उमटला तर तो पुसत बसू नका. झाडात पडला असेल तर राहू द्या, आकाशात पडला असेल तर तिथे ढग आहे असं म्हणा.

पोस्टर कलर किंवा ॲक्रिलिकने करणाऱ्यांना पाण्याऐवजी पांढरा वापरावा लागतो. तिथे रंगात पांढरा घालायचा नाही, पांढऱ्यात रंग घालायचा, सुईच्या टोकावर येईल एवढा एवढा. उलटं केलंत तर फिकट छटा मिळेपर्यंत पांढऱ्याची बाटली संपते. पाचही छटा आधी झाकणाच्या डब्यांत कालवून ठेवा. गडद बाजूला काळा घालताना हात आखडता, कारण काळ्याने निळा मेल्यासारखा दिसतो. आणि अपारदर्शक रंगात कोऱ्या कागदाची लकाकी येत नाही हे आधीच मान्य करा. त्याची ताकद थरांत असते. चित्रकार वासुदेव गायतोंडे यांची मोठी कॅनव्हास बघितलीत तर कळेल. रोलर आणि पॅलेट नाइफने तेलरंगाचे थर चढवायचे, खरवडायचे, पुन्हा चढवायचे. अख्खं चित्र एकाच रंगकुळातलं, तरी आतून उजेड येतोय असं वाटतं. मुंबईच्या वस्तुसंग्रहालयातल्या जहांगीर निकल्सन संग्रहात त्यांची चित्रं आहेत. मांडलेली असतील तेव्हा जवळ जाऊन कडा बघा, मधल्या भागापेक्षा कडांवरून थरांचा क्रम चांगला कळतो.

चित्र पूर्ण झालं की सही त्याच निळ्याने, तीन नंबरने. मागे पेन्सिलीने कंपनी आणि ट्यूबवरचा रंगाचा क्रमांक लिहा. प्रशियन ब्ल्यूचा पीबी २७ असतो. इंडिगोच्या नावाखाली निरनिराळ्या कंपन्या निरनिराळी मिश्रणं विकतात, वर्षाने तीच छटा हवी झाली तर नावावरून मिळत नाही. फ्रेम काचेची, आणि खिडकीच्या थेट उन्हात टांगायची नाही, या निळ्याचे पातळ थर उन्हाने फिकट होतात.

घाटावर जाताना जुना कुर्ता घाला. कपड्यावर पडलेला प्रशियन ब्ल्यू धुण्याच्या सोड्याने जातो खरा, पण तो लोखंडाचा रंग आहे. निळा गेला की तिथे गंजाचा तांबूस डाग राहतो, आणि तो साध्या धुण्याने जात नाही.